एक मागे, एक पुढे

यंदा माघात, जळगावहून हैदराबादला जाणाऱ्या दुपारच्या विमानात, माझ्या थोरल्या बहिणीने जवळजवळ निम्मा प्रवास सीटच्या कडेवर बसून केला. उरलेला निम्मा प्रवास तिच्या शेजारच्या बाईने तसाच केला. दोघींची त्याआधी ओळख नव्हती. मधल्या वाटेच्या पलीकडे माझी सीट होती. त्यामुळे हे सगळं मला दिसलं आणि बरंचसं ऐकूही आलं.

बहिणीला घरात आणि गावात अक्का म्हणतात. नरडाण्याजवळच्या एका गावात ती राहते. वय साठीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे, आणि अंगाने ती खूप मोठी आहे. ‘मी जाडी शे,’ असं ती स्वतः म्हणते. दुसऱ्याने म्हटलेलं तिला चालत नाही.

तिची एकुलती एक मुलगी हैदराबादला असते. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. मागच्या खोलीला चुना दिला होता, खाट विणून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी भाचीला प्रवासाची मनाई केली. आता मुलगी येणार नव्हती. म्हणजे आईने जायचं. भाचीच्या सासूबाई हयात नाहीत, त्यामुळे तिथे दुसरं कोणी बाईमाणूस नव्हतं.

रेल्वेने जायचं तर गाडी बदलावी लागते, पुलाचे जिने चढावे लागतात. अक्का एकदा तशी गेली होती. परत आल्यावर बरेच दिवस ती खाटेवरून उठू शकली नव्हती. राहिलं विमान. भाचीने फोनवर सांगितलं, ‘माय, तू विमानानं ये. मामा सोबत येईल.’

अक्का नाही म्हणाली. कारण विचारलं तर आधी ‘गुरं कोन दखी?’ म्हणाली. गुरं बघायला दीर होता. मग ‘उन्हाळा लागी आते,’ म्हणाली. मी दोनदा गावी जाऊन बसलो, तेव्हा खरं कारण निघालं.

‘पट्टा नही लागना ते?’ तिने विचारलं.

‘कसला पट्टा?’

‘विमानमा पट्टा ऱ्हास ना. माले नही लागना ते बठ्ठासमोर उतारी देतीन.’

सगळ्यांसमोर उतरवतील, या धास्तीमागे एक लग्न होतं. काही वर्षांपूर्वी शिरपूरला मांडवात अक्का प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि खुर्चीचा मागचा पाय दुमडला. तिला लागलं नाही. दोघा-तिघांनी हात देऊन उठवलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण नवरदेवाकडच्या एकाने मोठ्याने हाक दिली, ‘अक्काले डबल खुर्ची आना रे!’ आणि एकात एक अडकवलेल्या दोन खुर्च्या लोकांच्या डोक्यावरून पुढे आल्या. मांडव हसला. अक्काही हसली, त्या दोन खुर्च्यांवर बसली आणि जेवूनच आली.

त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमाला गेली की ती आधी दारातून बसायला काय आहे ते बघते. सतरंजी असेल तर गुडघ्यांमुळे जमत नाही. लाकडी बाक असेल तर बसते. प्लास्टिकच्या खुर्च्या असतील तर आहेर देते, उभ्यानेच चहा घेते आणि घरी जाते. गावात तिला ताठ्याची म्हणतात.

तर प्रश्न एवढाच होता. पट्टा लागेल की नाही? माझं आयुष्य बातम्यांच्या टेबलावर गेलं. ‘म्हणतात’ आणि ‘आहे’ यांत अंतर ठेवायची तिथे सवय लागते. त्यामुळे मी चौकशी सुरू केली.

जळगावात स्टेशनजवळच्या तिकीटवाल्याने तोडगा लगेच सांगितला. ‘भाऊ, दोन सीट काढून टाका. विषय संपला.’ मी ते अक्काला कळवलं. ती म्हणाली, ‘मी एकच बाई शे. दुसऱ्या तिकिटावर कोनं नाव टाकशी?’ तो विषय तिथे खरोखरच संपला.

विमान कंपनीच्या फोनवर बऱ्याच संगीतानंतर एक मुलगा बोलायला आला. सीटची रुंदी किती, असं मी विचारलं.

‘सर, सीट स्टँडर्ड आहे.’

‘स्टँडर्ड म्हणजे किती?’

‘सगळ्या सारख्याच आहेत, सर.’

‘माणसं सारखी नसतात. पट्टा पुरला नाही तर काय करता?’

त्याने कोणाला तरी विचारलं. परत येऊन म्हणाला, ‘जोडपट्टा असतो सर, एक्स्टेन्शन. विमानात मागायचा, मिळतो.’

‘हे तिकिटावर लिहिलेलं असतं का?’

‘नाही, सर. मागायचा.’

मला हे नवीन होतं. नेहमी विमानाने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी विचारत गेलो. केळीचे दोन व्यापारी, एक वकील, पुण्याला मुलाकडे जाऊन-येऊन असणारे एक निवृत्त मुख्याध्यापक. कोणाला माहीत नव्हतं. त्यांना कधी गरज पडली नव्हती. माहीत होतं ते सराफ बाजारातल्या एका दुकानाच्या व्यवस्थापकाला. त्यांची स्वतःची खुर्ची गल्ल्यामागे खास करून घेतलेली आहे. त्यांनी मला आत बोलावलं, पडदा ओढला आणि हलक्या आवाजात सांगितलं, ‘दारातच सांगायचं. हवाईसुंदरी नमस्कार करते ना, तेव्हाच. जागेवर बसून मागितलं की चार डोकी वळतात.’

‘आणि सीट?’

त्यांनी टेबलावर पंजा ताणून मोजून दाखवलं. दोन वीत. त्यांची वीत, माझी नव्हे.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा अक्काच्या ओट्यावर मी खडूने दोन वितींची जागा आखली. दोन्ही बाजूंना रेघा मारल्या. ती बघत उभी राहिली.

‘इतलीशी? ही ते शेळीनी जागा शे.’

ती बसली. दोन्ही रेघा तिच्याखाली गेल्या. मी पट्ट्याचं सांगितलं, जोडपट्ट्याचं सांगितलं, दारात मागायचं तेही सांगितलं. ते तिने ऐकून घेतलं. मग उजवीकडच्या रेघेपलीकडे बोट दाखवून तिने विचारलं, ‘आनि आठे कोन?’

‘आत्ताच कसं सांगू? जो कोणी असेल तो.’

‘त्यानी बिचारानी काय करानं?’

मी शेजारी बसतो म्हटलं, तर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तू बी काही काडी नही शे, भाऊ.’ ते खरं होतं. दोन खडूच्या चौकोनांत आम्ही दोघं मावलो नसतो. शेवटी असं ठरलं की दोघांनी मधल्या वाटेच्या दोन बाजूंना, एकाच रांगेतल्या कडेच्या सीट घ्यायच्या. तिला पाय वाटेत थोडा लांब करता येईल. शेजारची सीट कदाचित रिकामी राहील, असा माझा अंदाज होता. त्या अंदाजाला आधार काही नव्हता.

मग भाचीचा फोन आला. ती जास्त बोलली नाही. म्हणाली, ‘माय, तू येशी ना?’ अक्का म्हणाली, ‘वाट दख. मी येस.’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धुळ्याहून देवभाने, सोनगीर, नरडाणा, शिरपूरकडे काळीपिवळी जीप चालतात. तिघांच्या सीटवर चौघं बसतात. ते कसं, हे त्या रस्त्यावर कोणी कोणाला शिकवत नाही. पहिला माणूस मागे टेकून बसतो, दुसरा पुढे सरकून कडेवर, तिसरा मागे, चौथा पुढे. खांद्याला खांदा लागत नाही आणि चौघं मावतात. ड्रायव्हर दार लावताना फक्त एवढंच म्हणतो, ‘एक मागे, एक पुढे, चला.’ आपली पाळी कुठली हे माणसाला बसता बसताच कळतं. अक्का त्या जीपमध्ये कायम पुढे बसते. तिची पाळी मागे टेकायची असली तरी. गुडघे दुखत असले तरी. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो आणि कधी विचारलं नव्हतं.

जळगावचा विमानतळ लहान आहे. सामान द्यायच्या खिडकीशी तोलकाटा आहे. आमच्या पुढच्या माणसाची बॅग त्यावर चढली, आकडा उमटला, बॅग आत गेली. अक्काची पाळी आली. तिची बॅग गेली. ती तिथेच उभी राहिली. चपला काढल्या.

खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘आजी, झालं तुमचं.’

‘आनि मी? माले बी चढनं पडी ना?’

नरडाण्याला कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. काट्यापुढे आलेली प्रत्येक गोष्ट तोललीच जाते, असं तिथे वाढलेल्या कोणालाही वाटेल. मुलीला ते कळायला थोडा वेळ लागला. ती हसली नाही. ‘नाही आजी, माणसांना तोलत नाही,’ ती म्हणाली. अक्काने चपला घातल्या. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

विमानाला मागच्या बाजूने दार होतं आणि दाराला लागून लहान जिना. अक्का पायरीवर दोन्ही पाय आणून, मग पुढच्या पायरीवर, अशी चढली. मी तिच्या पुढे झालो होतो. दारातल्या मुलीला हळूच सांगितलं. तिने मान हलवली, ‘हो, आणते,’ एवढंच म्हणाली. तिची मराठी नागपूरकडची होती.

अक्का कडेच्या सीटवर बसली. दोन्ही हात मांडीत, खांदे आत ओढलेले. खिडकीची सीट रिकामी होती. एक एक करून माणसं येत गेली, पुढे जात गेली. प्रत्येकजण जवळ आला की अक्का त्याच्याकडे बघायची. तो पुढे गेला की श्वास सोडायची. दार लावायच्या बेतात असताना एक बाई आल्या. पन्नाशीच्या, काळा बुरखा, हातात केळीच्या वेफर्सचा पुडा. अंगाने अक्काएवढ्याच. त्यांनी सीटचा आकडा पाहिला, अक्काकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला.

अक्का उठली. त्या आत गेल्या. अक्का बसली. हात टेकायचा दांडा दोघींच्या मध्ये दिसेनासा झाला.

मागून एक आवाज आला, ‘पायलटले सांगा रे, डावी बाजू भारी झाली!’ दोघं-तिघं हसले.

अक्का समोर बघत राहिली. तिची मान लाल झाली होती. त्या बाई मात्र वळल्या, सीटवरून मागे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘मग तुम्ही उजवीकडे जाऊन बसा, भाऊ. तेवढाच हातभार.’ या वेळी हसणारे जास्त होते. मागचा माणूस पेपर वाचायला लागला.

नागपूरकडची मुलगी आली. जोडपट्टा तिने मुठीत गुंडाळून आणला होता. ती खाली वाकली, तो अक्काच्या हातात दिला आणि अडकवून दाखवला. एखाद्या नातेवाइकाने कार्यात हळूच हातात आहेराचं पाकीट द्यावं, तसं. ‘काकू, आमच्याकडे असतोच हा,’ ती म्हणाली. खटका लागला. अक्काने पट्टा ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला. पुष्कळ उरला होता.

शेजारच्या बाई हे बघत होत्या. त्यांनी स्वतःचा पट्टा दोन्ही हातांत धरला होता आणि दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर होतं.

‘बेटा,’ त्या मुलीला म्हणाल्या, ‘मेरे को भी एक देना.’

तेव्हा अक्का हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

विमान उडालं तेव्हा दोघींना मागे टेकून बसावं लागलं. दोघींचे खांदे एकमेकींवर चढले होते आणि अक्काचा दुसरा खांदा वाटेत आला होता. दोघी अगदी स्तब्ध होत्या. पट्ट्याचा दिवा विझला. अक्का लगेच पुढे सरकली, सीटच्या कडेपर्यंत. गुडघे वाटेकडे तिरपे केले, समोरच्या सीटच्या पाठीला हात लावला. पट्टा लावलेलाच होता. जोडामुळे तो तिथपर्यंत पुरला.

‘तुम्ही टेका,’ ती म्हणाली. ‘मी पुढे बसस.’

त्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आणि अक्काच्याच बोलीत विचारलं.

‘कोठल्या शेतस तुम्ही?’

‘नरडाणानी बाजूले. तुम्ही?’

‘सासर जळगाव. मनं माहेर शिरपूर.’

‘व माय! म्हणजे काळीपिवळी.’

‘काळीपिवळीच,’ त्या म्हणाल्या. मग पुडा फोडला आणि अक्कासमोर धरला. ‘पन अशे नही चालाव. सोनगीर लगून तुम्ही पुढे. मंग मी.’

‘मी बसस ना. माले सवय शे.’

‘सवय माले बी शे. पाळी म्हणजे पाळी.’

पुढचा प्रवास त्या हिशेबाने झाला. खाली काय होतं कोणास ठाऊक, ढग होते. अक्का अधूनमधून विचारायची, ‘देवभानं गयं का?’ त्या खिडकीतून बघायच्या आणि गंभीरपणे सांगायच्या, ‘आजून नही.’ खाण्याची गाडी आली आणि पुढे गेली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, ‘सोनगीर वनं. टेका आते.’ त्या पुढे सरकल्या. अक्का थांबली. मागे वळून सीटच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूहळू, एकेक इंच, ती मागे गेली आणि टेकली.

नागपूरकडची मुलगी जाताना थांबली. एक बाई टेकलेली, एक कडेवर, दोघींचे पट्टे लावलेले. ‘काकू, काही त्रास?’ तिने विचारलं. ‘नही बेटा,’ बुरख्यातल्या बाई म्हणाल्या, ‘जीप मस्त चालू शे.’ मुलीला अर्थ लागला नसावा. ती पुढे गेली.

दोघी काय काय बोलल्या ते सगळं मला ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज होता. एवढं कळलं की त्या बाई आपल्या बहिणीच्या घरी साखरपुड्याला चालल्या होत्या, आणि जाण्याआधी पंधरा दिवस त्यांनीही पट्ट्याचीच काळजी केली होती. विचारलं मात्र कोणाला नव्हतं.

उतरण्याच्या आधी दिवा पुन्हा लागला. दोघी पुन्हा टेकल्या, पुन्हा खांद्यावर खांदा चढला. या वेळी बोलणं थांबलं नाही.

हैदराबादला सामानाच्या पट्ट्यापाशी त्यांनी एकमेकींचा निरोप घेतला. अक्का लोखंडी बाकावर बसली. मी बॅगेची वाट बघत होतो. तेव्हा मी तिला विचारलं, ‘अक्का, जीपमध्ये तू कायम पुढे का बसतेस? तुझी पाळी नसली तरी?’

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. मला माहीत असेल असं तिला वाटत होतं.

‘पुढे बसनाराले कोनी सरका म्हनत नही,’ ती म्हणाली.

भाचीचा नवरा बाहेर गाडी घेऊन उभा होता. अक्का चालत बाहेर गेली.

मी दोन दिवसांनी परतलो. भाचीला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. जावयाने पाठवलेला फोटो माझ्याकडे आहे. वॉर्डाबाहेरची जागा, भिंतीवर लिफ्टची पाटी, अक्काच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. ती ज्या खुर्चीवर बसली आहे ती पांढऱ्या प्लास्टिकची आहे. बाजूला तशाच आणखी खुर्च्या आहेत. लाकडी बाकही आहे, फोटोच्या कडेला अर्धा दिसतो. तो रिकामा आहे. अक्काची पाठ खुर्चीला टेकलेली आहे.

परतीचं तिकीट चैत्रातलं आहे. सीट कडेची आहे. जोडपट्टा दारात या वेळी आपणच मागणार, असं तिने फोनवर सांगितलं.